शिवणीतली माया

आमच्या दुकानात कपडे आटतात. माणसं कधी वाढत नाहीत. काज-बटणाच्या टेबलावर बसून मी वर्षानुवर्षं हेच ऐकत आले आहे. बँकेतले साहेब पॅन्ट घेऊन येतात आणि खालच्या आवाजात सांगतात, "धुतल्यावर आटली हो." तीच पॅन्ट वर्षातून दोनदा आटते. माझ्या थोरल्या जाऊबाई चष्म्यावरून पॅन्टकडे बघतात आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणतात, "हल्ली कापडच तसं येतं." साहेबांचा जीव भांड्यात पडतो. ते गेले की मी हसू दाबत म्हणते, "ताई, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." त्या म्हणतात, "धाकटे, तोंडापेक्षा सुई चालव."

या जाऊबाईंना सगळा रस्ता मास्तरबाई म्हणतो. शिवणाऱ्या पुरुषाला लोक मास्तर म्हणतात, मग बाईला काय म्हणायचं, असा प्रश्न कुणाला तरी पडला असेल आणि हे नाव चिकटलं. नव्याने राहायला आलेली माणसं त्यांना शाळेतल्या समजून मुलांच्या प्रवेशाची चौकशी करतात, आणि त्याही न चिडता माहिती देतात. बाई उंच आणि चांगल्या ऐसपैस. त्या वर जायला लागल्या की लाकडी जिना कुरकुरतो, पण त्या जिन्याला जुमानत नाहीत. खाली दुकान, वर आमचं दोघी जावांचं घर. आमचे नवरे, म्हणजे दोघे सख्खे भाऊ, एकाच गोदामात कामाला आहेत. सकाळी डबे घेऊन जातात ते दिवेलागणीला परत येतात. दिवसभर खाली आमचंच राज्य. खिडकीशी दोन मशीनं, मधे कापायचं लांब टेबल, भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा आणि कोपऱ्यात ट्रायलसाठी टांगलेला पडदा.

माप घेताना मास्तरबाई आकडा कधी मोठ्याने बोलत नाहीत. टेप कमरेभोवती फिरवतात, अंगठ्याच्या नखाने जागा धरतात आणि ती चिमूट तशीच माझ्यासमोर आणतात. मी बघायचं, लिहायचं आणि तोंडाला कुलूप. गिऱ्हाइकाने विचारलंच, "किती झालं?" तर उत्तर ठरलेलं, "छान झालं." मी पहिल्या आठवड्यात एकदा सवयीने आकडा बोलून बसले होते. ती बाई कापड उचलून निघून गेली, आणि मास्तरबाईंनी मला दिवसभर बटणं निवडायला बसवलं.

आता माया. शिवणीच्या आतल्या बाजूला जास्तीचं कापड दुमडून सोडतात, त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. बाहेरून ती दिसत नाही. अंग भरलं की शिवण उसवायची, माया सोडायची, पुन्हा टीप मारायची. कपडा तोच राहतो आणि माणूस सुखाने श्वास घेतो. बाजारातल्या तयार कपड्यात माया नसते, कारण तो कोण घालणार हेच शिवणाऱ्याला ठाऊक नसतं. काही शिंपी कापड वाचवायला अर्धं बोट ठेवतात. मास्तरबाई दीड बोट ठेवतात आणि त्यावरून कुणाशीही भांडायची त्यांची तयारी असते.

भांडायची वेळ येतेही, कारण पुढच्या महिन्याच्या अंगासाठी कपडे शिवून घ्यायला येणारी माणसं कमी नाहीत. वरच्या गल्लीतल्या शाळेच्या मुख्याध्यापिका एकदा सुंदर निळं कापड घेऊन आल्या.

"माप घ्या, पण दोन इंच कमी धरा. मी आता सगळं सोडलंय."

"कधीपासून?" मास्तरबाईंनी विचारलं.

"सोमवारपासून."

त्या दिवशी शनिवार होता.

"आणि आज?"

"आज म्हटलं, एकदाचं शेवटचं सगळं खाऊन घ्यावं."

मी मान खाली घालून काजाला टाके घालत राहिले. मास्तरबाई मात्र हसल्या नाहीत. "अंग आजचं आहे, कपडा आजचाच होईल," त्या म्हणाल्या. "सोमवारचं अंग घेऊन आलात की आत घेऊन देईन. एक पैसा घेणार नाही." मुख्याध्यापिका तणतणल्या, पण कापड ठेवून गेल्या. नंतर मास्तरबाई मला म्हणाल्या, "सोमवारी उपास करायचाय म्हणून ही बाई शनिवारी दोन दिवसांचं जेवते. मंगळवारी काहीतरी तोंडात पडेल, मग म्हणेल आता मोडलंच आहे तर मोडू दे. पुन्हा पुढचा सोमवार. वजन सोमवारी नाही वाढत गं, शनिवारी आणि मंगळवारी वाढतं." उपाशी बाई दुकानात शिरली की त्यांना कळतं. ती आरशाकडे नाही, घड्याळाकडे बघते, असं त्या म्हणतात.

त्यांचा या बाबतीतला अभ्यास पुस्तकातला नाही, स्वतःच्या अंगावरचा आहे. मी या घरात येण्याआधीची गोष्ट, पण त्यांनी मला ती इतक्यांदा सांगितली आहे की सगळं डोळ्यांसमोर दिसतं. लग्न होऊन आल्या तेव्हाही त्या अशाच भरलेल्या होत्या. आमच्या सासूबाई काही वाईट नव्हत्या, पण पाहुण्यांपुढे म्हणायच्या, "आमची सून खाण्यात अगदी बेताची." त्यात कौतुक होतं की सूचना, हे नव्या सुनेला कसं कळणार? ती बेताचं खाऊ लागली. सगळ्यांबरोबर बसून चार घास, आणि दुपारी घर सामसूम झालं की फळीपाशी उभं राहून साखरेची मूठ, पावाचा तुकडा, मुरंब्याचं बोट. "उभ्याने खाल्लेलं माणूस मोजत नाही," त्या सांगतात. "मी ताटातले घास मोजायची आणि फळीपुढचे विसरायची. संध्याकाळी स्वतःची इतकी चीड यायची की रात्री आणखी कमी जेवायची. मग दुसऱ्या दुपारी आणखी मोठी मूठ."

एका दुपारी सासूबाई मधेच उठून पाणी प्यायला आल्या. सुनेची मूठ डब्यात. सासूबाईंनी कोपऱ्यातलं स्टूल पायाने सरकवत तिच्याजवळ आणलं, त्यावर हात ठेवून म्हणाल्या, "बसून खा," आणि पाणी न पिताच परत गेल्या. मास्तरबाई स्टुलावर बसल्या. बसल्यावर दुसरी मूठ घ्यावीशीच वाटली नाही म्हणतात. त्यानंतर सासूबाई बेताचं-बिताचं काही बोलल्या नाहीत आणि मास्तरबाईंनी ताटात पोटभर वाढून घ्यायला सुरुवात केली. वजन फार घटलं नाही. पण ते एका जागी थांबलं, आणि मुख्य म्हणजे दुपार मोकळी झाली. त्या मोकळ्या दुपारीच त्या शिवण शिकल्या.

म्हणून आमच्या दुकानात एक वाजता शटर अर्धं खाली येतं. कापायच्या टेबलावर जुनी चादर अंथरायची, ताटं मांडायची आणि बसून जेवायचं. गिऱ्हाईक आलं तर तेही बसतं. नियम एकच, ताटावर बोलायचं नाही. कोण किती घेतो, काय टाकतो, दुसऱ्यांदा मागतो का, यावर चकार शब्द नाही. मी मुळात फटकळ, त्यामुळे पहिली दोन वर्षं माझी जेवणापेक्षा जीभ आवरण्यातच दमछाक व्हायची. पण खरं सांगते, त्या टेबलावर मी जितकी शांतपणे जेवले तितकी माहेरीही कधी जेवले नव्हते.

मास्तरबाईंची एकुलती एक मुलगी म्हणजे आमची गुबी. जन्मली तेव्हा गालांनी डोळे झाकले होते, म्हणून तिच्या बापाने हे नाव ठेवलं. मला मूल नाही. तिला मी माझीच समजते आणि तीही मला समजू देते. मशीनच्या पायाशी चिंध्यांत खेळत ती मोठी झाली. टीप मारायला, उसवायला, धावदोरा घालायला तिला कुणी शिकवलं नाही. आम्ही तिला बोलायला तरी कुठे शिकवलं होतं. पुढे ती हॉटेलच्या कामाचं शिकली, आणि गेल्या वर्षी स्टेशनसमोरच्या मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षात तिची निवड झाली. बातमी आली त्या दिवशी मास्तरबाईंनी दुकान बंद ठेवलं नाही, पण दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला त्या काही ना काही निमित्ताने हॉटेल कुठे आहे ते सांगत होत्या.

रुजू व्हायला महिनाभर अवकाश होता. युनिफॉर्मसाठी हॉटेलने राखाडी रंगाचं मोजून कापड दिलं, एक तुकडाही जास्तीचा नाही, आणि सोबत कोट-स्कर्टचं चित्र. चित्रातली मुलगी म्हणजे नुसती उभी रेघ. गुबीने ते चित्र आरशाच्या कडेला खोचलं आणि आईला म्हणाली, "दोन इंच आतून काप. आणि माया ठेवू नकोस."

मास्तरबाईंच्या हातात खडू होता. "काय ठेवू नको?"

"माया. आत जास्तीचं कापड असलं की मनात राहतं, सोडता येईल म्हणून. मला ते नकोय."

मास्तरबाई हसल्या. त्यांना वाटलं, नव्या नोकरीचा उत्साह आहे. "बरं," म्हणाल्या, आणि आजच्या मापाने, दीड बोट माया ठेवून कोट कापला. मुख्याध्यापिकांचं ऐकलं नाही ते पोटच्या पोरीचं कशाला ऐकतील? कोट तयार झाला, गुबीच्या अंगावर चपखल बसला. ती आरशासमोर उभी राहिली, कोट हँगरला लावून वर घेऊन गेली.

त्यानंतर तिचं खाणं बदललं. आधी संध्याकाळी सहानंतर काही नाही, असं झालं. मग पांढरं काही नाही. साखर, पाव, दूध बंद. मग म्हणे फक्त फळं. एक वाजता ती आमच्याबरोबर बसायची, दोन फोडी खायची आणि "पोट भरलं" म्हणून उठायची. आम्हाला सांगितलं, "मला आता गुबी म्हणायचं नाही." वीस वर्षांची सवय एकाएकी कशी जाणार? मी दर वेळी अर्ध्यावर थांबायची आणि तिला "अगं ही" म्हणायची, आपल्याच पोरीला परक्यासारखं. माझा जीव तुटायचा, पण ताटावर बोलायचं नाही हा नियम. मास्तरबाई शांत होत्या. मुली या वयात करतात असं काहीबाही, त्यांचं म्हणणं.

मग मला कागद सापडले. उशांच्या खोळी भरायला मी कातरणाच्या पोत्यात हात घातला, तर तळाशी बिस्किटांच्या पुड्यांचे कागद. एक-दोन नव्हे, पसाभर. प्रत्येकाची छान चौकोनी घडी. घड्या बघूनच मला कळलं. आमच्या घरात चिंधीचीही घडी होते. दुकानात मुलं रडू नयेत म्हणून बिस्किटांचा डबा असतो, तो हल्ली लवकर संपतोय हेही तेव्हाच ध्यानात आलं. मी कागद घेऊन सरळ मास्तरबाईंकडे गेले. माझ्या पोटात काही राहत नाही, आणि हे राहू द्यायची गोष्टही नव्हती.

त्यांनी कागद बघितले. चेहऱ्यावर काही दिसलं नाही. "परत ठेव होते तसे," म्हणाल्या.

"ताई, पोरगी दिवसभर उपाशी राहतेय आणि चोरून असं खातेय. डबा वर नेऊन कुलपात ठेवूया."

"कुलूप लावलंस तर ती कुलपाचाच विचार करत बसेल. डबा भरलेला ठेवायचा. आणि टेबलाजवळ स्टूल ठेव एक."

त्या दिवसापासून मास्तरबाई स्वतः रोज सकाळी डबा गळ्यापर्यंत भरू लागल्या. स्टूलही ठेवलं. त्यांना पक्का विश्वास होता, जे आपल्याला लागू पडलं ते लेकीला लागू पडेल. एरवी त्यांचा अंदाज चुकत नाही, म्हणून मीही गप्प बसले. डबा रोज रिकामा होत होता, स्टुलावर कुणी बसत नव्हतं.

रुजू व्हायच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवणं आटोपल्यावर, गुबी कोट घेऊन खाली आली आणि पडद्यामागे गेली. मग टाका तुटल्याचा बारीक आवाज आला. तो आवाज आम्हा दोघींना झोपेतही ओळखू येईल.

"काय झालं गं?" मास्तरबाईंनी विचारलं.

पडद्याखालून कोट बाहेर सरकला. मास्तरबाईंनी तो उचलला, बगलेखालची शिवण उलटी केली आणि बोटाने आत चाचपलं. पुन्हा चाचपलं. दुसरी बाजू उलटी केली. दोन्ही बाजूंना शिवण आत घेतलेली आणि टिपेलगत कापड स्वच्छ कापलेलं. उसवून बाहेर काढायला दोऱ्याएवढंही कापड उरलेलं नव्हतं.

"धाकटे, इथली माया कुठे गेली?"

मी काय सांगणार? मास्तरबाईंनी शिवण उजेडात धरली आणि चष्मा वर सारून जवळून बघितली. "हा टाका माझा नाही," त्या म्हणाल्या. "तुझाही नाही."

"माझा आहे," पडद्यामागून आवाज आला. "मीच आत घेतला. माया मीच कापली."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला तिला त्या कोटात हॉटेलात उभं राहायचं होतं. राखाडी कापड बाजारात तसं मिळण्यासारखं नव्हतं, हॉटेलकडे मागायचं तर पहिल्याच दिवशी शोभा. मला वाटलं आता मास्तरबाई कडाडतील. मी त्यांना गिऱ्हाइकावर, दोऱ्याच्या व्यापाऱ्यावर, प्रसंगी दिरांवर कडाडताना ऐकलं आहे. त्यांनी कोट टेबलावर ठेवला, शटर पूर्ण खाली ओढलं आणि पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

"का कापलीस?"

"परतीची वाट राहू नये म्हणून." ती आत रडत होती, पण शब्द स्पष्ट होते. "आता बसलंच पाहिजे म्हणजे मी खाणार नाही, असं वाटलं. उलटंच झालं. जितकं कमी खायचं ठरवायचे तितकं दुपारी जास्त जायचं. आणि तू तो डबा रोज भरायचीस. मला वाटायचं, तू मला पकडायला भरतेस."

मास्तरबाईंनी हात पुढे करून भिंतीचा आधार घेतला. मी त्यांना इतक्या वर्षांत कधी भिंतीला टेकलेलं पाहिलं नव्हतं.

"तुला माहीत होतं," गुबी म्हणाली. "मग विचारलं का नाहीस?"

"आपला नियम आहे. ताटावर बोलायचं नाही."

"मी ताटावर नव्हतेच आई."

मग मास्तरबाई पडदा सारून आत गेल्या. आत जागा एका माणसाची. त्या शिरल्यावर पडदा फुगून बाहेर आला. मला दोघींचे नुसते पाय दिसत होते. मास्तरबाई बोलत होत्या आणि मी ऐकत होते, कान बंद करायचं सोंग मला जमत नाही. साखरेची मूठ, उभ्याने खाणं, सासूबाई, स्टूल, सगळं. मला शंभर वेळा सांगितलेली गोष्ट त्यांनी आपल्या लेकीला कधीच सांगितली नव्हती. आपली आई सगळ्या गिऱ्हाइकांना बोटावर नाचवते, असंच पोरीने लहानपणापासून पाहिलेलं. ती आई कधी काळी फळीपाशी उभी राहून साखर खात होती, हे तिला कसं माहीत असणार?

"माझ्या सासूने मला स्टूल दिलं आणि ते पुरलं," त्या शेवटी म्हणाल्या. "मला वाटलं तुलाही पुरेल. चुकलं माझं. तुझ्याशी बोलायला हवं होतं."

"मला तर स्टूल दिसलंच नाही," गुबी रडता रडता म्हणाली. "मला फक्त डबा दिसायचा."

मास्तरबाई बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल होते, पण चाल नेहमीची. "बाहेर ये. माप घेऊ," म्हणाल्या. टेप फिरवली, नख लावलं, पण चिमूट माझ्यासमोर आणली नाही. मग स्वतःच आकडा मोठ्याने बोलल्या. त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच. गुबी दचकली. "नुसता आकडा आहे गं," मास्तरबाई म्हणाल्या. "मला कापायला लागतो, बाकी त्याचा काही उपयोग नाही. लिही धाकटे."

मग त्या कामाला लागल्या आणि मला हायसं वाटलं, कारण त्या कामाला लागल्या की गोष्ट सुटते. कोटाच्या दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या घालायच्या होत्या, पण कापड? त्यांनी कोट बाजूला ठेवला आणि स्कर्ट उचलला. स्कर्टच्या कमरेला मागे इलॅस्टिक होतं, म्हणून तो वाचला होता. मास्तरबाईंनी खालची दुमड उलटी केली. चार बोटं माया, जशीच्या तशी.

"ही नाही कापलीस?"

"ती उंचीची आहे," गुबी म्हणाली. "उंचीशी माझं काही भांडण नव्हतं."

मला हसू फुटलं. माझं ऐकून ती हसली, आणि मग मास्तरबाईही. तिघी जणी बंद शटरमागे वेड्यासारख्या हसत होतो.

स्कर्टची दुमड गुबीने उसवली. मास्तरबाईंनी तिच्यातून दोन लांब पट्ट्या काढल्या आणि दुमडीच्या जागी आतून अस्तराची पट्टी लावायचं काम मला दिलं. कापड आडवं होतं, कोटात ते उभं लावावं लागणार होतं. त्यामुळे उजेडात थोडी वेगळी छटा दिसते, पण ती शिंप्याच्याच डोळ्याला. हात खाली असले की बाकी कुणाला कळणारही नाही. पट्ट्यांना बगलेकडे हलकासा उतार दिला. खुणा करताना मास्तरबाईंनी दोन्ही कडांना पुन्हा जागा सोडली.

"आता कशाला माया ठेवतेस?" गुबीने विचारलं. "एवढंसं तर कापड आहे."

"आता तर ठेवणारच. उद्या बारीक झालीस तर आत घेऊ, जाड झालीस तर सोडू. तू कशीही झालीस तरी कोट तुझाच राहिला पाहिजे." मग म्हणाल्या, "आणि यापुढे कातरीला हात लावायच्या आधी मला विचारायचं. मीही विचारेन. तुला आवडलं नाही तरी विचारेन."

टीप गुबीनेच मारली. पहिल्या शिवणीला मास्तरबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला नाही. चार वाजता इस्त्री झाली. कोट अंगात गेला, बटण लागलं, आणि गुबीने पोट आत न ओढता श्वास घेतला. मग म्हणाली, "मला भूक लागलीय." हे वाक्य आमच्या घरात महिनाभर कुणी ऐकलं नव्हतं. मी वर पळाले. पाव, अंडी, उरलेली भाजी, जे होतं ते आणलं. ती टेबलापाशी बसून जेवली, सावकाश. मधे एकदा थांबली आणि रडवेली झाली. म्हणाली, भीती वाटते, सुरू केलं की थांबणार नाही. मास्तरबाई समोर बसल्या होत्या. "आम्ही आहोत इथे," त्या म्हणाल्या. "नाही थांबलीस तर उद्या पुन्हा जेवू. सोमवारची वाट बघायची नाही." ती थांबली, पोट भरल्यावर. एका जेवणाने सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. पुढेही काही दुपारी डबा रिकामा झाला. पण आता ती स्वतः येऊन सांगते, आणि आम्ही बोलतो.

दुसऱ्या दिवशी ती सकाळी गेली. दिवसभरात मास्तरबाईंच्या हातून एक बाही उलटी लागली, आणि मी ते बोलून दाखवलं नाही, यावरून काय ते समजा. हॉटेल चकचकीत, तिथली माणसं चकचकीत, एखाद्याने एक शब्द टाकला तरी पोरगी पुन्हा कातरी उचलेल, हे भय आम्हा दोघींच्या मनात होतं. संध्याकाळी शटरखालून वाकून ती आत आली. कोट अंगावर, केस विस्कटलेले.

"जेवलीस का?" मास्तरबाईंनी सरळ विचारलं.

"हो. सगळ्यांबरोबर, बसून. दुसऱ्यांदाही घेतलं." तिने चपला काढल्या. "तेवढ्यात आमच्या सुपरवायझर मॅडम आल्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, कोट कमरेत सैल आहे, दोन इंच आत घेऊन ये, शिवणाऱ्याचं माप चुकलेलं दिसतंय."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. मास्तरबाईंनी लेकीकडे बघितलं नाही. मशीनवरची रीळ नीट बसवत त्यांनी विचारलं, "मग?"

"मी म्हटलं, माप चुकलेलं नाही मॅडम. मी एवढी आहे."

"आणि त्या?"

"गेल्या. माझं ताट अर्धं व्हायचं होतं, मी जेवले." असं म्हणून गुबी कपडे बदलायला वर गेली. जिना तिच्याही पायाखाली कुरकुरला.

मला सुईत दोरा ओवता येईना, डोळेच भरून आले होते. मास्तरबाईंनी खुर्ची मशीनकडे ओढली, पाठ माझ्याकडे केली आणि पाय दाबला. मशीन बराच वेळ चाललं. सुईखाली कापड नव्हतं.